घरच्यांसोबत फिरायला छोटी शिडाची बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी घरच्यांना घेऊन निघायचं, दोन-तीन तास वाऱ्यावर फिरायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पिठलंभात खायचा. एवढ्यासाठी कोणती बोट घ्यावी, असं विचारणारे निरोप मला येत राहतात. बहुतेक मुंबई-पुण्याकडून, थोडे गोव्यातून, काही परदेशात तळ्याकाठी राहणाऱ्या मराठी घरांतून. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शर्यतीसाठी बोट हवी असेल तर हे पान तुमच्या कामाचं नाही.

१. डेसेलर म्हणजे नेमकं काय? डिंगी वेगळी, यॉट वेगळी का?

उजेडात निघून उजेडातच परत यायचं, यासाठी बांधलेली शिडाची उघडी बोट म्हणजे डेसेलर. तिच्यात झोपायला केबिन नसते, स्वयंपाकाची सोय नसते, पण बसायला ऐसपैस जागा असते. डिंगी म्हणजे कुठलीही छोटी उघडी बोट. त्यामुळे बऱ्याच डेसेलर डिंगीच असतात, पण प्रत्येक डिंगी घरच्यांना घेऊन फिरायच्या उपयोगाची नसते. लेझर ही जगभर चालणारी डिंगी ४.२३ मीटर लांब आहे, पण ती एकट्याने शर्यतीत चालवायची. तिच्यात बसत नाहीत, काठावरून बाहेर लटकतात. यॉट या शब्दाला आपल्याकडे श्रीमंतीचा वास आहे. नातेवाइकांना सांगताना ‘होडी’ म्हणा, चौकशा कमी होतात.

२. आम्हाला कुणालाच शीड हाताळता येत नाही. आधी शिकायचं की आधी बोट घ्यायची?

आधी शिका. मुंबई बंदरात, गोव्यात, हैदराबादच्या हुसेनसागरात शिकवण्याची सोय आहे. एका घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांनी शिकावं, हा माझा हट्ट आहे. बोट चालवणाऱ्याच्याच डोक्याला बूम लागली (डोलकाठीला जोडलेला आडवा दांडा, जो वळताना सप्पकन इकडून तिकडे येतो), तर बाकीच्यांना किनाऱ्यावर कोण आणणार? शिवाय शिकताना कळतं की घरात कुणाला हे खरंच आवडतंय आणि कोण तुमच्या समाधानासाठी हो म्हणतंय.

३. चौघांसाठी किती फुटी बोट घ्यावी?

साधारण १५ ते १९ फूट. पण फुटांपेक्षा मी दुसरा हिशेब बघते: बोटीचं वजन आणि त्यात बसणाऱ्या माणसांचं वजन.

भारतात क्लबांकडे सहज दिसणारी एंटरप्राइझ घ्या. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, निळ्या शिडांची, चार मीटरची बोट. तिचं अंग शंभर किलोच्या आतबाहेर भरतं. आईवडील आणि दोन शाळकरी मुलं मिळून अडीचशे किलो धरली, तर माणसं बोटीच्या अडीचपट झाली. मग कुणी बिस्किटाचा पुडा घ्यायला वाकलं तरी बोट कलते. दोघांसाठी ती झकास आहे. १९८२ च्या आशियाई खेळांत पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पती-पत्नींनी याच वर्गात सुवर्णपदक मिळवलं होतं.

वेफेअरर ही इयन प्रॉक्टर यांची १९५७ ची बोट, लांबी ४.८२ मीटर, अंगाचं वजन १६९ किलो, रुंदी १.८५ मीटर. चौघं बसल्यावरही ती सुकाणूचं ऐकते. तिला पुढेमागे हवाबंद कप्पे आहेत, त्यांत सुके कपडे आणि डबे राहतात. अमेरिकेतली फ्लाइंग स्कॉट हीसुद्धा १९५७ चीच. १९ फूट लांब, वजन सुमारे ३८५ किलो, माणसं इकडेतिकडे सरकली तरी तिला फारसा फरक पडत नाही. पण ती दोघांनी उचलून वाळूत ठेवायची बोट नव्हे, पाण्यात उतरवायला तिला ट्रेलर आणि किनाऱ्यावर बांधलेला उतार लागतोच.

म्हणजे वजन जास्त तेवढी बोट स्थिर, आणि तेवढीच किनाऱ्यावर अवजड. घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर बोट सज्ज करायला सांगा आणि घड्याळ लावा. गाडीतून उतरल्यापासून शीड चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास ठीक आहे. दीड तास लागत असेल तर पहिल्या वर्षी आठ वेळा जाल, दुसऱ्या वर्षी दोनदा, तिसऱ्या वर्षी ताडपत्रीवर कबुतरं बसतील. जाहिरातीत ‘सहाजण बसतात’ लिहिलेलं असेल तर चार समजा.

फ्रँक डाय नावाचे इंग्रज गृहस्थ १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला वेफेअररनेच गेले होते, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. बोटीत ते आणि एक सोबती एवढे दोघंच होते, मुलं नव्हती.

४. सेंटरबोर्ड घ्यावा की कील?

बोट वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून तळाखाली एक पातं लागतं. सेंटरबोर्ड खिळीवर फिरून वर घेता येतो, डॅगरबोर्ड सरळ वर खेचतात, आणि कील म्हणजे तळाला कायमचं जोडलेलं जड पातं. पूर्वी गलबताच्या तळाशी नीरम म्हणून दगड भरत, तेच काम कीलचं वजन करतं. त्यामुळे कीलबोट सहसा उलटत नाही. पण ती वाळूत आणता येत नाही. तिला खोल पाणी, कायमचा नांगर आणि पावसाळ्यात बाहेर काढायला क्रेन हवी. एवढी सोय क्लबच करू शकतो.

धरण, खाडी किंवा वाळूचा किनारा असेल तर सेंटरबोर्ड. फ्लाइंग स्कॉटचा बोर्ड खाली असताना तिला चार फूट पाणी लागतं, वर घेतला की आठ इंचांवर भागतं. डॅगरबोर्ड खडकाला आपटला तर सगळा दणका बोटीला बसतो, सेंटरबोर्ड आपसूक मागे वळतो. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर हा फरक महिन्याभरात कळतो.

५. खरं सांगा, बोट उलटते का?

डिंगी उलटू शकते. ‘ही उलटतच नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वारा चौदा नॉट झाला की आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) पाण्यावर तुरळक पांढरे फेस दिसू लागले की वारा दहाच्या आसपास आहे असं समजा. सगळीकडे पांढरं दिसत असेल तर घरच्यांना घेऊन निघू नका, निघालाच असाल तर शीड दुमडून लहान करा. याला रीफ घेणं म्हणतात. रीफची सोय नसलेली बोट कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

आमची बोट उलटली ती वाऱ्यापेक्षा थालीपिठामुळे. मोठ्या शिडाचा दोर हातात धरायचा असतो, म्हणजे झोत आला की लगेच सैल सोडता येतो. मी तो खाचेत अडकवून डबा उघडत होते. झोत आला, आणि डबा, चपला, नवऱ्याचा चष्मा सगळं खडकवासल्याच्या पाण्यात. मुलांना तो दिवस अजून सगळ्यात जास्त आवडतो.

उलटल्यावर पहिलं काम म्हणजे माणसं मोजणं. बोट सोडून कुणीही किनाऱ्याकडे पोहत जायचं नाही, कारण डोकं दिसत नाही, बोट दिसते. शिडाचे दोर मोकळे करा, एकाने बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर उभं राहून काठ धरून मागे झुका. हे सगळं विकत घेण्याआधी, शांत दिवशी, उथळ नसलेल्या पाण्यात मुद्दाम करून बघा. तुमच्यातली दोन माणसं ती बोट सरळ करून वर चढू शकत नसतील, तर ती बोट तुमची नाही. डोलकाठीच्या टोकाला एक छोटा तरंगता फुगा बांधायला मिळतो, त्यामुळे बोट पूर्ण पालथी पडत नाही. दिसायला बावळट आहे, पण बांधा. खाडीत पालथी पडलेल्या बोटीची डोलकाठी चिखलात रुतते आणि मग ती सरळ करणं घरच्यांचं काम राहत नाही.

६. शिडं किती असावीत?

एक मोठं आणि पुढे एक लहान, म्हणजे जिब, ही नेहमीची रचना. जिबमुळे दुसऱ्या माणसाला काम मिळतं, आणि काम असलेलं माणूस कंटाळत नाही. जिब गुंडाळून ठेवणारा फर्लर असेल तर तेवढे पैसे जास्त द्या, किनाऱ्याजवळ येताना तो फार उपयोगी पडतो. स्पिनेकर या फुगीर शिडाची घरच्यांसोबत गरज नाही.

७. सासूबाई, गुडघेदुखी आणि होडी: जमेल का?

जमतं. माझ्याकडे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बोट निवडायला सगळ्यात उपयोगी हाच आहे. घरात जो सर्वांत कमी उत्सुक आहे त्याला घेऊन बोट बघायला जा. आमच्याकडे त्या सासूबाई होत्या. मी शिडं बघत होते, नवरा ट्रेलर बघत होता. त्या आत बसल्या आणि तीन गोष्टी विचारल्या: पाठ कुठे टेकू, हा दांडा डोक्याला लागेल का, आणि लघवीला कुठे जायचं.

पहिल्यासाठी खोल कॉकपिट (बसायचा खोलगट भाग) आणि कडेला पाठ टेकेल एवढी उंची हवी. सपाट डेकवरच्या बोटी त्यामुळे बाद. दुसऱ्यासाठी आपण नेहमीसारखं बसलेलं असताना बूम डोक्यावरून वीतभर वर गेली पाहिजे. तिसऱ्याला बोटीत उत्तर नाही. म्हणून आमची फेरी अडीच तासांच्या वर जात नाही.

चढताना काठावर पाय ठेवायला लावू नका, बोट निसटते. धक्क्याला दोन्ही टोकं बांधून, मधोमध पाऊल टाकायला सांगा.

८. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट घेतली तर मोठी बोट घ्यायची गरज नाही ना?

ऑप्टिमिस्ट ही क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात आखलेली चौकोनी नाकाची बोट, २.३ मीटर लांब, ३५ किलोची, पंधरा वर्षांपर्यंतच्या एका मुलासाठी. शिकायला तिच्यासारखी बोट नाही. पण तिच्यात मूल एकटं जातं आणि तुम्ही किनाऱ्यावर टॉवेल धरून उभे राहता. एकत्र फिरणं हवं असेल तर मोठी बोट घ्या आणि मुलांना ऑप्टिमिस्ट क्लबातच चालवू द्या.

९. लाइफ जॅकेट कोणतं? पोहता येत असेल तरी?

तरीही. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहणाऱ्यांसाठी असतं, ते तोंड वर करत नाही. १०० किंवा त्याहून अधिक न्यूटनचं कॉलरवालं जॅकेट माणसाला उताणं करायच्या दृष्टीने बनवलेलं असतं. लहान मुलांना आणि न पोहणाऱ्यांना तेच हवं, आणि मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घेऊ नका. फेरीबोटीत लटकवलेली नारिंगी जॅकेटं मागून आणू नका.

१०. भारतात अशी बोट मिळते कुठे? जुनी घ्यावी का?

नवी डेसेलर दुकानात ठेवलेली दिसत नाही. क्लब आपल्या जुन्या बोटी काढतात, बदली झालेले नौदल-लष्करातले लोक विकतात, गोव्यातून परदेशी मंडळी जाताना सोडून जातात. क्लबच्या फलकावर लक्ष ठेवणं हाच खरा मार्ग.

जुनी बघताना रंगाला भुलू नका. फायबरग्लासच्या अंगावर रुपयाच्या नाण्याने टकटक करत फिरा. टणक आवाज बदबद झाला तर आत थर सुटलेत. हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडून नाक घाला, कुजका वास आला तर पाणी शिरतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांची टोकं कापडाने पुसा: कापड अडकलं तर तार तुटायला लागली आहे. सेंटरबोर्डची पेटी तळाला जिथे मिळते तिथे चीर आहे का पाहा, कारण तिथली दुरुस्ती महागात जाते. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा. शीड उन्हात धरा, शिवण नखाने खरवडल्यावर दोरा तुटत असेल तर नवीन शिडाचे पैसे किमतीतून वजा करा.

पाण्यात न चालवता कधीही घेऊ नका. आम्हाला एकाने ‘फक्त धुवायची आहे’ म्हणून दाखवलेली बोट उतारावरच भरायला लागली होती.

११. घरी बांधता येईल का?

येईल. मिरर ही ३.३० मीटरची बोट साठच्या दशकात त्यासाठीच निघाली. प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चढवायची. सत्तर हजारांहून जास्त बांधल्या गेल्या. दोन मोठे किंवा एक मोठा आणि दोन मुलं, एवढीच तिची ताकद. प्लायवुड मात्र मरीनच (पाण्यात टिकणारं) घ्या, आणि कोळीवाड्यातल्या सुताराला एकदा दाखवा. तो हसेल, पण चुका सांगेल.

१२. समुद्रात कोणत्या वेळी न्यायची? भरतीचं काही कळत नाही.

बोट मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर हे उत्तर दोनदा वाचा.

आधी वारा. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात, सूर्य मावळला की ते पडतात. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, म्हणजे सकाळी नुसतं वाऱ्यावर सोडून दिलं तर बोट किनाऱ्यापासून दूर जाते. घरच्यांसाठी दुपारी तीन ते सहा ही वेळ बरी.

आता पाणी. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा अंदाज आहे, निघण्याआधी भरतीचं छापील कोष्टक बघायचंच.

आता पौर्णिमेचा रविवार बघा. भरती सव्वाअकराला, म्हणजे तुम्ही परत येता तेव्हा, साडेपाचला, पूर्ण ओहोटी. तीही उधाणाची, मुंबईत कधीकधी चार मीटरपेक्षाही जास्त उतरलेली. समोर शंभर पावलं चिखल आणि त्यात शंभर किलोंची बोट. अष्टमीला उलट: पाणी दुपारभर चढत असतं, भांगाची भरती असल्याने ओढ कमी, आणि सहाला उतारापर्यंत पाणी. म्हणून आमच्या घरी कॅलेंडरवर अष्टमीच्या जवळ येणारे शनिवार-रविवार आधी गोल केलेले असतात. सासूबाईंना वाटतं मी देवभोळी झाले.

अजून एक: पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जोरदार, तेव्हा अरुंद खाडीच्या तोंडाशी जाऊ नका.

१३. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो म्हणतात. मग ऑगस्टपासून न्यावी का?

नाही. महाराष्ट्रात मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि कोळी नारळ वाहून निघतात, पण त्यांच्या बोटी आणि त्यांचे हात वेगळे. मोसमी वारे पूर्ण परतेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, थांबा. मेअखेर बोट बाहेर काढून पालथी घाला. पावसाळ्यात उताणी ठेवलेली बोट म्हणजे डासांचा हौद.

१४. इंजिन लावायचं का?

आधी दोन वल्ही घ्या आणि ती मारून बघा. वारा पडला की तीच घरी आणतात. अडीच अश्वशक्तीच्या आतलं छोटं आउटबोर्ड १३ ते १८ किलोंचं असतं, ते मागे टांगलं की हलकी बोट शेपटीवर बसते. मुंबई बंदरात जहाजांच्या वाटेजवळ फिरणार असाल तर लावा, तळ्यात नको. इंजिन बसवल्यावर नियमही बदलतात, ते पुढच्या उत्तरात.

१५. परवानगी कुणाची? धरणात उतरवली तर चालते ना?

‘चालते’ असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच जलाशयांत खाजगी बोटींना मनाई असते. समुद्र आणि खाडीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात बोट घेण्याआधी चौकशी करा, इंजिन असेल तर नोंदणी आणि तपासणीबद्दल नक्की विचारा. ट्रेलर हेही वाहनच, त्याची आरटीओ नोंदणी वेगळी. सगळ्यात सोपं म्हणजे परवानगी असलेल्या क्लबाचं सभासद होणं आणि बोट तिथेच ठेवणं. मग ट्रेलरचा प्रश्नही सुटतो.

रस्त्यावर कुठेही बोट सज्ज करताना डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ॲल्युमिनियमची काठी आणि विजेच्या तारा हे या छंदातलं सगळ्यात वाईट मरण आहे.

१६. आम्ही अमेरिकेत आहोत. काय वेगळं?

बोटी भरपूर आणि जुन्या स्वस्त. फ्लाइंग स्कॉट (प्रश्न ३) किंवा उफा फॉक्स यांनी आखलेली सुमारे १७ फुटी बोट शोधा, तिचं नावच ‘डे सेलर’ आहे. ब्रिटनमध्ये असाल तर वेफेअरर. अमेरिकेत राज्याचा वेगळा नियम नसेल तिथे चालत्या बोटीत १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घातलेलं असणं बंधनकारक आहे. आपल्या लोकांना चकवणारी गोष्ट थंडी. मे महिन्यात बाहेर छान ऊन असतं आणि तळ्याचं पाणी बर्फ नुकतंच वितळलेलं. कपडे हवेप्रमाणे नको, पाण्याप्रमाणे घाला.

१७. होबी कॅट कशी? मुलं मागे लागली आहेत.

मुलं किती वर्षांची? पंधरा-सोळाची असतील तर जरूर. दोन अंगांची, मध्ये जाळी ताणलेली, पाच मीटरची होबी १६ वाऱ्यात पळते आणि सगळ्यांना भिजवते. पण तिच्यावर टेकायला काही नाही, डबा ठेवायला काही नाही, आणि उलटली तर सरळ करायला वजन लागतं. प्रश्न ७ मधल्या माणसाला तिच्यावर बसवू नका.

१८. बोटीला नाव द्यायलाच लागतं का?

इंजिन नसलेल्या छोट्या बोटीला कुणी विचारत नाही. नोंदणी करणार असाल तर आधी नाव ठरवा आणि मग अर्ज भरा. आमच्या बोटीला मुलांनी एक नाव ठेवलंय आणि सासूबाई तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. मागच्या फळीवर दोन्ही मावत नाहीत, त्यामुळे ती अजून कोरीच आहे.